मॉरिशस, आत्या आणि वर्ग 4.2

मॉरिशस हा हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस वसलेला बेट-देश सुमारे 2,040 चौरस किलोमीटरचा असून 7,152 चौरस किलोमीटरच्या रायगड जिल्ह्यात तो साडेतीन वेळा मावतो. तरीही खालापूर तालुक्यातील मोहोपाडा येथून त्याच्या दर्शनाचा बेत आखावयाचा झाल्यास जेवढा काळ लागतो, त्याच्या एक दशांश काळही मोहोपाड्याने रायगड जिल्हा पाहण्यास कधी दिलेला नाही. लगतच्या रसायनीच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या आणि रोज सकाळी दात घासताना माणिकगडाकडे पाहणाऱ्या कुटुंबांपैकी प्रत्यक्ष गडावर गेलेली कुटुंबे शोधावी लागतात, आणि कर्नाळ्याचा सुळका तर पनवेलला येता-जाता गाडीतून दिसतो तेवढा पुरेसा मानला जातो. जे घरातून दिसते ते पाहिलेलेच असते, असा तेथील सर्वमान्य सिद्धान्त आहे. सहलीचे स्थळ त्यामुळे घरातून न दिसणारे असावे लागते, आणि एवढा खर्च करून समुद्र ओलांडायचाच तर पलीकडच्या काठावर कोणीतरी मराठी बोलणारे भेटावे, ही अपेक्षाही ओघानेच येते.

बेटाची निवड प्रस्तुत लेखकाच्या आत्याच्या घरी झाली. तेथे चर्चेला मुभा असते. निर्णय मात्र आत्या घेते. श्रीलंकेचा प्रस्ताव, सीतामाईला जिथे सुखाचा घास गोड लागला नाही तिथे आपण पैसे भरून राहायला जायचे काय, या एका प्रश्नावर बारगळला. आइसलँडमध्ये जूनच्या सुमारास सूर्य जेमतेम मावळतो, असे आतेभावाने कौतुकाने सांगताच, मग देवापुढे सांजवात कधी लावायची, असे विचारले गेले व त्याचे समाधानकारक उत्तर त्याच्या मोबाइलमध्ये सापडले नाही. मालदीवला प्रस्तुत लेखकाचाच विरोध होता. ज्याला पाताळगंगा नदीत गुडघ्यापर्यंत उतरले तरी घरचे आठवू लागते, अशा माणसाने समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंचीच्या देशात झोपावे, हे त्याला सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य वाटत होते. मॉरिशसला मात्र डोंगर आहेत, भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. यांपैकी तिसरे कारण ऐकताच आत्याने चष्मा काढून ठेवला, म्हणजेच सभा संपली.

या देशात गणपती कसा पोहोचला, याचा इतिहास थोडक्यात असा. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा 1834 पासून भारतातून करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक वर्षे काम करण्याच्या लेखी करारावर अंगठा उमटवून घेतलेली माणसे, जहाजांनी नेण्यास आरंभ झाला, आणि पुढच्या सुमारे नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख माणसे तेथे उतरली. कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजे गेली आणि त्यांतून कोकणातली माणसे गेली. त्यांच्या वंशजांच्या शाळांतून आजही मराठी शिकवले जाते, आणि कोकणातील जाखडी नाचाचे ‘झाकरी’ हे रूप तेथे सणावाराला नाचले जाते. पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रके या सर्व इतिहासाचा ‘छोटा भारत’ अशा दोन शब्दांत निकाल लावतात आणि खाली हॉटेलच्या तरणतलावाचे चित्र छापतात. भर उन्हात ऊस तोडून पाठी वाकलेल्या माणसांचा ‘घरच्यासारखे वातावरण’ या सदराखाली जाहिरातीत उपयोग करणाऱ्या कल्पक माणसास एक हंगाम तोडणीला पाठवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे व ते बदलण्याची शक्यता नाही.

सहल केव्हा काढावी, हा नियोजनाचा दुसरा टप्पा होय. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे जून ते सप्टेंबर हिवाळा असतो आणि साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. म्हणजे ज्या महिन्यांत मोहोपाड्यात बाहेर पडणे शक्य असते, त्यांतील बरेच महिने तेथे वादळाचे असतात, आणि तेथे हवा उत्तम असते तेव्हा मोहोपाड्यातून जवळच्या दांडफाट्यापर्यंत पोहोचणे हीच एक सागरी मोहीम असते. त्यातून आषाढी, श्रावणी सोमवार, घरचा गणपती, पितृपक्ष, नवरात्र आणि दिवाळी एवढे वगळून जे दिवस उरले, त्या दिवसांत आतेभावाच्या कार्यालयात वर्षअखेर होती. अखेर मे महिना ठरला, तोही आंब्याच्या हंगामात घर सोडावे लागते याबद्दल सार्वत्रिक दुखवटा पाळून.

यानंतर सूत्रे आतोबांकडे गेली. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून 1915 पासून सुटणारे पाणी पाताळगंगेत येत असल्याने ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते, आणि मुबलक पाण्याच्या या सोयीमुळेच 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीपासून पुढे कितीतरी रासायनिक कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. त्यांपैकी एका कारखान्यात नायट्रोबेंझिन आणि अॅनिलिन यांच्या सान्निध्यात शिफ्ट इनचार्ज म्हणून आतोबांची उमेद गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या मनातील भोंगा बंद झालेला नाही. त्यांनी मॉरिशसच्या सहलीचा आराखडा ‘शटडाऊन’च्या धर्तीवर, म्हणजे वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवताना कोणता पाइप कोणत्या तासाला उघडावा हे दाखविणाऱ्या तक्त्याच्या धर्तीवर, तयार केला व त्यात प्रत्येक दिवसाचे फर्स्ट, सेकंड आणि नाइट असे तीन भाग पाडून सहप्रवाशांच्या स्नानगृहातील मुदतीही रकान्यांत भरल्या. कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस ‘निवांत’ असा दाखविलेला होता. निवांत दिवस म्हणजे ज्या दिवशी कंपनी बस देत नाही तो दिवस, हा अर्थ आतोबांनी तत्काळ ओळखला आणि त्या रकान्यात तांबड्या शाईने ‘आयडल टाइम, कारण?’ असे लिहून तो कागद कंपनीला परत पाठविला. कारण अद्याप आलेले नाही.

येथपर्यंत सर्व सुरळीत होते. पुढील प्रकरणास कारण झाली ती ओटी.

ज्या गावी मुक्काम, त्या गावच्या देवीची ओटी भरायची, असा आत्याचा नेम आहे. ओटी म्हणजे खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी असे सौभाग्यवाण देवीच्या पदरात घालणे. मॉरिशसचा सीमाशुल्क विभाग परदेशी झाडे, फळे आणि बियाणे यांना परवान्यावाचून आत येऊ देत नाही, आणि ऊस व उसाचा कोणताही भाग तर पूर्णपणे बंद आहे. ज्या देशात लाखो माणसे उसापायी आणली गेली, त्याच देशात पाहुण्यास उसाचे एक कांडे नेता येत नाही, हे त्या पिकाच्या रोगराईचा विचार करता योग्यच असले तरी चमत्कारिक आहे. आतोबांनी हे नियम चष्मा पुसून वाचले आणि ओटीतील प्रत्येक जिन्नसाची ‘उगवते की नाही’ या एकाच कसोटीवर छाननी केली. नारळ उगवतो, सबब बाद. सुपारी उगवते. हळकुंड ओलीवर ठेवले तर कोंब धरते. तांदळाविषयी थोडा वाद झाला, कारण सडलेला तांदूळ उगवत नाही असे आत्याचे म्हणणे होते. परंतु परदेशी अधिकाऱ्यास सडलेला म्हणजे कुजलेला नव्हे, तर कांडलेला, हे समजावून सांगण्याची जबाबदारी कोणी घेईना. सरतेशेवटी खण तेवढा उरला, आणि उरली सुक्या खोबऱ्याची वाटी. खोबरे वाळलेले असते, त्याला कोंब फुटत नाही, त्याला कीड लागली तरी ती घरचीच असते. तेव्हा एका नारळाची उणीव भरून काढण्यासाठी खोबऱ्याच्या चांगल्या मोठ्या वाट्या निवडून, खणात गुंडाळून, आत्याच्या बॅगेच्या मध्यभागी, साड्यांच्या घडीत ठेवण्यात आल्या.

बॅगेत इतरही ऐवज होता. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, नाचणीचे सत्त्व आणि कुंकू यांच्या पिशव्यांवर आतोबांनी प्रयोगशाळेतील नमुन्याच्या बाटल्यांवर असतात तशा चिठ्ठ्या डकविल्या होत्या: एम-1, बी-2, जी-1, एस-1, के-4, खाली तारीख आणि सही. कोणत्या सांकेतिक अक्षराचा अर्थ काय, याची सूची त्यांनी वेगळ्या कागदावर केली होती, आणि तो कागद सुरक्षित राहावा म्हणून दुसऱ्या बॅगेत ठेवला होता.

पनवेलजवळ उलवे येथे विमानतळ उभा राहण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून मोहोपाड्याच्या प्लॉटच्या जाहिरातींत तो वीस मिनिटांवर आलेला होता. प्रस्तुत सहलीला मात्र जुन्या मुंबई विमानतळावरूनच निघावे लागले व त्यासाठी आतोबांच्या तक्त्यानुसार मध्यरात्रीच घर सोडावे लागले. बॅगा ‘चेक-इन’ झाल्या, म्हणजे पट्ट्यावरून आत गेल्या. सामान दृष्टिआड झाले की मराठी माणूस खायला बसतो, त्याप्रमाणे दशम्या सोडल्या जात असतानाच ध्वनिक्षेपकावरून आत्याचे माहेरचे नाव मधे घालून पूर्ण नाव पुकारले गेले. पासपोर्टवर तसेच होते. आत्या उठली ती सत्काराला उठावी तशी.

आतल्या खोलीत बॅग टेबलावर ठेवलेली होती आणि ती उघडावी असे सांगण्यात आले. बॅगेला आकड्यांचे कुलूप होते. त्याचा क्रमांक, दोघांपैकी कोणीही विसरू नये म्हणून, आतेभावाने आत्या-आतोबांच्या लग्नाच्या तारखेवर ठेवलेला होता. आतेभाऊ चहा आणावयास गेला होता. आत्याने हाताची घडी घातली आणि आतोबांना म्हणाली, “लावा.”

आतोबांनी प्रथम एक आकडा लावला. कुलूप उघडले नाही. त्यांनी आणखी एक लावला, आणि तिसऱ्या वेळी आपण पाठ करून टाकलेल्या साखरपुड्याकडे वळलो आहोत हे लक्षात येऊन हात मागे घेतला. त्या खोलीत दोन अधिकारी, एक तरुण कर्मचारी मुलगी आणि दुसऱ्या कोणाच्या तरी बॅगेसाठी थांबलेले एक गुजराती जोडपे होते, आणि ते सर्व आता त्या कुलपाकडे पाहत नसून आत्याकडे पाहत होते. तांत्रिक बिघाड म्हणून सुरू झालेल्या गोष्टीस कौटुंबिक खटल्याचे रूप येण्यास किती थोडा वेळ लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. शेवटी आत्यानेच पुढे होऊन, आतोबांकडे न पाहता, तीन चाके फिरविली.

प्रथम पिशव्या निघाल्या. अधिकाऱ्याने बी-2 हातात घेऊन, “ये पाउडर क्या है?” असे विचारले, तेव्हा आतोबांनी कारखान्यातील सवयीने, ती विषारी नाही, क्षारक नाही आणि उघड्या हवेत स्थिर असते, असे सांगितले. विषाचा विषय तोपर्यंत कोणी काढलेला नव्हता. के-4 ची पिशवी उजेडाकडे धरून पाहिली गेली. सूचीची मागणी झाली. सूची तोपर्यंत विमानाच्या पोटाकडे निघालेली होती. आत्याने मग एम-1 चे तोंड सोडून चिमूटभर मेतकूट तोंडात टाकले व उरलेले अधिकाऱ्यापुढे केले, आणि त्या वासानेच एवढे काम केले की बाकीच्या सर्व पिशव्या न उघडता बाजूला ठेवल्या गेल्या. पेच सुटला असे वाटले. त्या मुलीने तेवढ्यात खण उलगडला.

“आजी, सुकं खोबरं नेता येत नाही,” ती मराठीत म्हणाली.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. ओलावा आणि उष्णता मिळाली की मोठ्या साठ्यात त्याचे तापमान आतल्या आत वाढत जाते व ते आपण होऊन पेट घेऊ शकते. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 1363 हा क्रमांक असून त्याचा समावेश वर्ग 4.2, म्हणजे स्वतः पेट घेणारे पदार्थ, यात होतो. याच यादीत नायट्रोबेंझिन 1662 क्रमांकाला आणि अॅनिलिन 1547 क्रमांकाला आहे, आणि ती दोन्ही वर्ग 6.1 मध्ये, विषारी पदार्थांत, मोडतात. भिंतीवर त्या वर्गांच्या चौकटी खुणांचा रंगीत तक्ता टांगलेला होता. आतोबा त्या तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. परमुलखात अचानक आपल्या गावची माणसे भेटावीत तसे त्यांचे झाले. आयुष्यभर 6.1 च्या टाक्यांशेजारी डबा खाल्लेल्या आणि एकदाही नियम न मोडलेल्या या गृहस्थांना 4.2 खाली धरण्यात आले होते, आणि नियम बरोबर होता. त्यांनी मान्य केले.

आत्याने केले नाही. “ह्यांच्या डब्यात रोज खोबऱ्याची चटणी दिली बाळा मी, सगळी नोकरी होईपर्यंत. अॅसिडाच्या टाकीपाशी बसून खायचे. कधी पेटली का?” हा प्रश्न बिनतोड असला तरी विमान वाहतुकीस लागू नव्हता. मुलीने वाट्या बाजूच्या पिंपात टाकण्यास सुचविले. देवीसाठी काढून ठेवलेली वस्तू पिंपात टाकणे शक्य नव्हते. मागे नेणे शक्य नव्हते, कारण पोहोचवायला आलेला ड्रायव्हर दांडफाट्याच्या दिशेने निघून गेलेला होता. आणि पुढे नेणे तर बेकायदा होते. अशा वेळी शास्त्र जे सांगते तेच आत्याने सांगितले. खोबरे प्रसाद म्हणून तेथेच संपवायचे.

सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी दातांनी फोडणे हे तरुण उंदराचे काम आहे. आतोबांची कवळी असल्याने त्यांना सूट मिळाली. गुजराती जोडप्याने श्रद्धेने एकेक तुकडा घेतला. कामावर असल्याने अधिकाऱ्यांना खाता येत नव्हते, तरी त्यांच्यातील थोरल्याने एक तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला. उरलेली जबाबदारी आतेभाऊ आणि प्रस्तुत लेखक यांच्यावर आली, आणि दरवाजा बंद होण्याच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून अधिकाधिक कडवट होत असताना, धावता धावता, प्रस्तुत लेखकाच्या उजव्या बाजूच्या दाढेत भरलेले सिमेंट त्या खोबऱ्याबरोबर पोटात गेले.

यामुळे मॉरिशसची पुढील वर्णने उजव्या बाजूने थोडी अपुरी आहेत. सुमारे सहा तासांच्या उड्डाणानंतर घड्याळ दीड तास मागे करावे लागते; दाढ मागे जात नाही. शामारेल येथील सात रंगांची माती, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन तयार झालेल्या मातीच्या तांबड्या-जांभळ्या टेकड्या, सुंदर आहे. कारखान्यांच्या नाल्यांना एके काळी याहून जास्त रंग असत, असे आतोबांनी नोंदविले व कठड्यावरील तिकीटदर पाहून मौन पाळले. पाँपलमूस येथील बागेत परातीएवढी पाने असलेली राक्षसी कमळे आहेत. सतराव्या शतकात नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात असून, उडता न येणे आणि माणसावर विश्वास ठेवणे या दोन गुणांमुळे त्याच्याविषयी प्रस्तुत लेखकास विशेष जवळीक वाटली. कमरेइतक्या निळ्या पाण्यात सर्वजण उतरले असता प्रस्तुत लेखकाने काठावर चपला सांभाळल्या. रस्त्यावर मिळणारी ‘धोल पुरी’ ही हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरलेली मऊ, तिखट रश्श्याबरोबर खायची पोळी असून, एवढा ऊस असलेल्या देशात पुरणात गूळ घालायला विसरतात, असा शेरा आत्याने मारला; मात्र डाव्या बाजूने खाण्यास तिच्याइतके सोयीचे दुसरे अन्न नव्हते.

गंगा तलाव हे डोंगरावरील जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले तळे. 1972 साली त्यात भारतातून आणलेले गंगेचे पाणी मिसळण्यात आले, आणि काठावर 33 मीटर उंचीची शंकराची मूर्ती 2007 पासून उभी आहे. तेथे आत्याने बाजारात घेतलेल्या स्थानिक नारळाने आणि मोहोपाड्याच्या खणाने देवीची ओटी भरली. नारळ त्याच देशातला असल्याने कोणीच हरकत घेतली नाही.

पोर्ट लुई बंदरात ‘आप्रवासी घाट’ आहे. युनेस्कोने 2006 साली जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या या जागी इमारतींचे थोडेच अवशेष उरले असून, येथे बोटीतून उतरलेले मजूर ज्या चढून आत गेले त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. आत्या त्या मोजत राहिली. या माणसांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत, आणि पणजोबांचे गाव शोधणारे वंशज तेथे जाऊन पाने उलटतात. घाटावरच एक मराठी कुटुंब भेटले. त्यांतील आजी क्रेओल बोलत होत्या, त्यात मधेच ‘आये’, ‘पानी’, ‘देव’ असे शब्द येत होते, आणि गाव कोणते म्हणून विचारल्यावर त्यांना फक्त “रत्नागिरी” एवढे माहीत होते. आत्या त्यांचा हात हातात घेऊन पायरीवर बसली आणि एकेक गाव विचारू लागली. चिपळूण? खेड? दापोली? गुहागर? लांजा? संगमेश्वर? तिला आठवतील तेवढी, आतोबांच्या तक्त्यातील त्या दुपारचा रकाना केव्हाच उलटून गेला तरी. आजींना एकही नाव ओळखीचे नव्हते, आणि एकाही नावाला त्यांनी नाही म्हटले नाही. आतोबांनी घड्याळ पाहिले आणि ते मनगटावरून काढून खिशात ठेवले.

सहल संपल्यावर आतोबांनी कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे ‘इन्सिडेंट रिपोर्ट’, म्हणजे घडलेल्या दुर्घटनेचा अहवाल, तयार केला. त्यात ‘जीवितहानी’ या रकान्यात काही नाही, ‘मालमत्तेचे नुकसान’ या रकान्यात खोबरे आणि एक दाढ (अंशतः) अशी नोंद आहे, आणि ‘उपाय’ या रकान्यात यापुढे ओटीचे साहित्य मुक्कामाच्या ठिकाणीच खरेदी करावे, असे म्हटलेले आहे. ‘मूळ कारण’ या रकान्यात त्यांनी ‘वर्ग 4.2’ असे लिहिले असून, त्या ठिकाणी लग्नाची तारीख लिहावी, अशी आत्याची दुरुस्ती आहे. दुरुस्ती मंजूर झालेली नाही, आणि अहवालावर आत्याने अजून सही केलेली नाही.